कोणाले सांगू नको

सुखदेव,

तुला जाऊन तीन आठवडे झाले आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलोच आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये, असं जो तो मला सांगतो. सांगणाऱ्यांपैकी एकालाही तुझ्यासोबत बावीस वर्षं फुटबॉलची टीम चालवावी लागलेली नाही.

हे आपण बोलायचो तशाच भाषेत लिहिणार होतो. मग वाटलं, तू मराठीचा मास्तर, 'मले-तुले' लिहिलं तर तिथूनही लाल पेन काढशील. म्हणून जमेल तसं पुस्तकी लिहितो आहे. माझं आयुष्य तलावात जाळं टाकण्यात गेलं, तेव्हा चुका निघाल्या तर गप्प बस.

तुझ्या शाळेनं दारातल्या फळ्यावर तुझ्याविषयी लिहिलं होतं. जन्म, नोकरी, शिकवण्याचे विषय, आणि शेवटी एक शब्द, 'क्रीडाप्रेमी'. क्रीडाप्रेमी माणूस जेवताना टीव्हीवर क्रिकेट बघतो. तू धान कापणीच्या दिवसांत पोरांच्या बांधावर जाऊन उभा राहायचास आणि त्यांच्या बापांना म्हणायचास, "एवढी बांधी मी कापतो, याले सरावाले सोडा." आणि खरंच कापायचास. वाईट कापायचास, पण कापायचास. याला काय म्हणतात ते त्या फळ्यावर कोणी लिहिलं नाही.

आपलं भांडण गेल्या वर्षीच्या शेवटच्या सामन्यात अडकून पडलं आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. बरोबरी झाली असती तरी आपण बी डिव्हिजनमधून ए डिव्हिजनमध्ये गेलो असतो. बावीस वर्षांत पहिल्यांदा. ऐंशी मिनिटं आपण एका गोलनं पुढं होतो. शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्ले, तेही तळाला असलेल्या टीमकडून.  परत येताना गाडीत तू माझ्याकडं सरकलास आणि म्हणालास, "वामन, पाय नाई हरले. डोकं हरलं."

मी म्हटलं, "सत्तर मिनिटांनंतर पोरं कुत्र्यावानी धापा टाकत होते. तुले दिसलं नाई का?"

"त्या धापा भीतीच्या होत्या."

"त्या दमाच्या होत्या."

गडचिरोलीपासून आरमोरीपर्यंत आपण एवढंच बोललो. धापा भीतीच्या की दमाच्या. ड्रायव्हरनं शेवटी रेडिओ मोठा केला.

मग तू वाटणी केलीस. पाय माझे, डोकी तुझी. तू बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतंस, बाहेरून, सेकंड क्लास, आणि ते तू मला इतक्या वेळा ऐकवलंस की जणू मी खेळात कधी घाबरलेला माणूस पाहिलाच नाही. बारा वर्षं मी स्टॉपर खेळलो. समोरचा फॉरवर्ड घाबरला की कसा थुंकतो, कसे मोजे वर ओढतो, हे मला तुझ्या पुस्तकांपेक्षा जास्त कळत होतं. पण मी म्हटलं, घे बाबा डोकी. मी पोरांना तलावाच्या मातीच्या पाळीवरून पळवलं, उताराला वर-खाली करायला लावलं, कॉर्नर इतके घ्यायला लावले की खालच्या मैदानातला तो कोपरा उकरून निघाला.

आणि तू? सराव संपला की तू एकेकाला घेऊन पाळीवर फिरायला जायचास. आज इस्तारी, परवा पंकज, मग अंकुश. अर्धा तास. मी चेंडू गोळा करत खालून पाहायचो. तुझा हात पोराच्या खांद्यावर, तू बोलतोयस, पोरगा मान खाली घालून ऐकतोय. मला वाटायचं, चुका सांगत असशील. एकदा मी विचारलंही, "काय सांगतं रे त्याईले?"

"डोक्याचं काम आहे," म्हणालास. "तू आपला कॉर्नर पाय."

मी कॉर्नर पाहिले.

खरं ते सांगतो, कारण तू आता त्यावर मिशीतल्या मिशीत हसू शकत नाहीस. या हंगामात टीम बदलली. इस्तारीच घे. आपला गोलकीपर, सहा फूट उंच, पण समोरून चेंडू आला की गोलच्या लाइनवर खांबासारखा उभा राहायचा. मी त्याच्यावर तीन वर्षं ओरडलो, "बाहेर ये, बाहेर ये." यंदा तो कोणी न सांगता बाहेर यायला लागला. मुठी वळून, कोपर काढून, समोरच्याच्या डोक्यावरून चेंडू उडवायला लागला. पंकज पेनल्टी हुकला तर पूर्वी दोन सामने मान वर करायचा नाही. यंदा हुकला, आणि पाचव्या मिनिटाला त्यानं गोल मारला. मी म्हटलं, पाळीवर पळवल्याचा फायदा. तू काहीच बोलला नाहीस. तू बोलला नाहीस की मला जास्त राग यायचा.

आता ते सांगतो जे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. शोभावहिनीलाही नाही.

आपला एकच सामना उरला होता. सराव चालू असताना तू गोलच्या खांबाला टेकून खाली बसलास. मी जवळ आलो. कपाळावर घाम होता, आणि सकाळच्या थंडीत पोरांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. मी विचारलं, "काय झालं बे?"

"पित्त. उपाशी आलो ना."

"चाल, दवाखान्यात दाखवू."

"शेवटचा सामना होऊ दे." मग माझं मनगट धरलंस. "वामन, पोराईले सांगू नको. टीमचं डोकं हालते."

बावीस वर्षांत मी तुझं एकही ऐकलं नव्हतं. चार बॅक खेळवायचे म्हटलंस, मी तीन खेळवले. पांढरे मोजे म्हटलंस, मी निळे आणले. आणि त्या दिवशी मी ऐकलं. पोरांना सांगितलं नाही, ठीक आहे. पण वहिनीलाही सांगितलं नाही, आणि तुला ओढत नेलंही नाही. पाचव्या दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये तू खुर्चीवरून घसरलास. मी तलावावर होतो. निरोप आला तेव्हा हातात ओलं जाळं होतं, ते तसंच घेऊन दवाखान्यात पोचलो. तिथं एका बाईनं मला सांगितलं, "भाऊ, हे बाहेर ठेवा." मी जाळं बाहेर ठेवून आत आलो, तोवर वहिनी भिंतीला टेकून खाली बसली होती.

हे मी वहिनीला सांगेन. कधी, ते ठरलेलं नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाला तुमच्या अंगणात मांडव घातला होता. वंदना झाली. मुख्याध्यापक बोलले, तुझे भाऊ बोलले. मग कोणीतरी म्हटलं, टीममधलं एखादं पोरगं बोलू द्या. इस्तारी उभा राहिला. चार माणसांत नाव सांगायला लाजणारा पोरगा. 

"सरांनी मले एक गोष्ट सांगतली होती," तो म्हणाला. "कोणाले सांगू नको म्हणे. आता सर नाई, म्हणून सांगून राह्यलो. सर म्हणे, इस्तारी, ही टीम तुझ्या दोन हातावर उभी आहे. बाकीचे दहा नुसते धावतात. खरा खेळाडू तूच."

आणि तो रडायला लागला. मांडवातल्या बाया डोळ्यांना पदर लावायला लागल्या.  तेवढ्यात माझं लक्ष पंकजकडं गेलं. त्याचा चेहरा असा झाला होता, जसं कोणी भर पंगतीत त्याच्यासमोरचं ताट उचलून नेलं.

तो बसल्या जागेवरूनच बोलला. "मलेही तेच सांगतलं."

"काय?" अंकुश वळला. अंकुश आपला कॅप्टन, शांत पोरगा.

"खरा खेळाडू तूच. बाकीचे नुसते धावतात. कोणाले सांगू नको."

अंकुशनं मान खाली घातली. त्यावरून सगळ्यांना कळलं. मग मागून रूपेश बोलला, जो हंगामभर बाकावर बसून होता, "मले म्हणे, तुले मी मुद्दाम बाहेर ठेवतो. तू हुकमाचा पत्ता आहेस. बाकीच्याईले कळलं तर जळतीन."

मांडवात कोणीतरी फिसकन हसलं. तुझ्या काकांना काही ऐकू येत नव्हतं, ते शेजारच्याला विचारत राहिले, "काय म्हणते? काय म्हणते पोरगा?" वहिनी कोणाकडंच बघत नव्हती. मी जागेवर बसून तुला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या तुझ्या फोटोसमोर द्यायच्या नव्हत्या. अकरा खेळाडू आणि बाकावरचे चार. पंधरा जणांना एकच वाक्य! लेका, शाळेत एकाच उत्तराची नक्कल पंधरा वह्यांत सापडली असती तर तू पोरांना वर्गाबाहेर उभं केलं असतंस.

बाहेर बोरिंगपाशी पोरांची जुंपली. "सरांनी आपल्याले येडं बनवलं," पंकज म्हणत होता. "सगळ्याईले. मी येडा गोल मारत राह्यलो, मले वाटे का माह्यावर टीम चालते." इस्तारी नळावर पुन्हा पुन्हा तोंड धूत होता.

दुसऱ्या दिवशी सरावाला सात जण आले. शेवटच्या सामन्याला नऊ दिवस होते. सामना मुलचेऱ्याला, तिथल्या बंगाली निर्वासितांच्या गावांच्या टीमशी. गुण सारखे, गोलफरकात आपण पुढं. बरोबरी झाली तरी आपण वर. तेच गणित, गेल्या वर्षीचंच.

मी पोरांना पळवलं. पळाले. मग गोलवर चेंडू मारायला लावले. इस्तारीचे पाय लाइनला चिकटले होते. पंकज समोर मोकळा गोल असताना चेंडू दुसऱ्याकडं ढकलत होता. पासेस भलतीकडंच जात होते. कोणी चुकलं तर ओरडतही नव्हतं, नुसतं एकमेकांकडं बघत होते, म्हणजे बघ, हाही काही खरा नाही. दमल्यामुळं यातलं काही झालेलं नव्हतं, सुखदेव. दहा मिनिटंही झाली नव्हती. हे डोक्याचंच होतं. तू म्हणत होतास ते बरोबर होतं, आणि ते मला तू केलेल्या नासाडीवरून कळत होतं. कोणाला सांगू हे? उभारलंस ते असं उभारलंस की एका पोराच्या चार वाक्यांनी सगळं खाली आलं.

तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी मी अंकुशला घरोघरी पाठवून सगळ्यांना बोलावलं. चौदा आले. मैदानात गोल करून बसवलं आणि मला भाषण येत नाही म्हणून सरळ सांगितलं, "तुमचे सर खोटं बोलले. माह्या दोस्ताबद्दल मले वाईट बोलाले आवडत नाई, पण बोलले."

 इस्तारीनं विचारलं, "वामनभाऊ, तुमाले काय म्हणे सर?"

"मले?"

"तुमालेही पाळीवर नेलं असन ना. तुमीच खरे कोच, कोणाले सांगू नका."

मी आठवायला लागलो, सुखदेव. प्रामाणिकपणे. बावीस वर्षं मागं गेलो. मला वाटलं होतं, एखादा शब्द सापडेलच. एखादा सामना जिंकल्यावरचा, माझ्या लेकीच्या लग्नातला. सापडला नाही. "मले?" मी म्हटलं. "मले म्हणे, तुह्यं डोकं म्हणजे बंद पडलेला मोटारपंप आहे. मले म्हणे, तू स्टॉपर होतास म्हणून बॉल तुले लागून थांबत होता, तू थांबवत नव्हतास. मागच्या साली म्हणे, वामन, तुले टीम लावाले सांगणं म्हणजे बैलाले नकाशा दाखवणं."

आधी रूपेश हसला. मग पंकजनं तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते. मग सगळेच. बैलाले नकाशा! मला राग आला होता, खरा राग आला होता, आणि मी जितका लाल झालो तितके ते जास्त हसले. इस्तारी हसता हसता आडवा झाला. त्या मांडवातल्या दिवसापासून त्याला हसताना मी पाहिलंच नव्हतं.

हसणं थांबल्यावर अंकुश हळूच म्हणाला, "म्हणजे खरं फक्त तुमच्यासंगंच बोलत होते सर."

 मी त्याला म्हटलं, "गप बस." आणि मग, कोण जाणे कसं, मी बोलायला लागलो. एकेकाकडं बोट दाखवून, सगळ्यांच्या देखत. "पंकज, तुह्या डाव्या पायाले काहीच येत नाई. पण गोलसमोर कुठी उभं राह्याचं हे तुले जसं समजते तसं मले कोणाले शिकवता नाई येत. इस्तारी, तू खालचा बॉल सोडतेस. वरचा मात्र या जिल्ह्यात तुह्याएवढा कोणी घेत नाई, हे मी बाकीचे कीपर पाहून बोलून राह्यलो. रूपेश, तू हुकमाचा पत्ता नाईस. तू बाकावर आहेस कारण तू अर्धा तासच पुरतेस. पण तो अर्धा तास तू जीव टाकून खेळतेस." असं चौदा जणांना. एक वाईट, एक चांगलं, दोन्ही खरी. कोणाचं तोंड पडलं, कोणाचं उजळलं. दोघं चिडून उठून गेले, त्यातला एक परत आला, एक आलाच नाही.

मी त्यांच्याविषयी हे सगळं वर्षानुवर्षं पाहत होतो आणि कधी बोललो नव्हतो. मला वाटायचं, पोरांना कळतंच की. त्यात चांगलं सांगायचं काय असतं? घरी येताना माझ्या लक्षात आलं की तू खोटं बोलत होतास आणि मी बोलतच नव्हतो. यातलं जास्त वाईट कोणतं, यावर तुझ्याशी निदान महिनाभर भांडता आलं असतं. तेवढ्यासाठी तरी थांबायचं होतंस.

मुलचेऱ्याचा सामना आता ऐक.

घोटच्या पुढचा जंगलातला रस्ता तुला माहीत आहे.  तिथं पोचलो तर मैदानाच्या चारी बाजूंनी माणसं. बाया, म्हातारे, कडेवर लेकरं, झाडांवर पोरं. त्या गावांमध्ये फुटबॉल असा असतो की सामन्याच्या दिवशी दुकानं बंद. आपल्या पोरांनी बूट बांधायला दहा मिनिटं लावली.

तू गेल्या वर्षीपासून 'बरोबरी' हा शब्द मैदानावर बोलायची बंदी घातली होतीस. मी ठरवलं होतं, आता खोटं नाही, लपवणं नाही. मी सांगितलं, "बरोबरी चालते. घाबरू नका." आणि काय झालं माहीत आहे? पहिल्या मिनिटापासून अकराच्या अकरा जण आपल्याच गोलसमोर जाऊन उभे राहिले. बरोबरी राखायला! मी बाहेरून ओरडून ओरडून घसा बसवला, "पुढं व्हा, पुढं व्हा." कोणी सरकेना. अर्धा तास त्यांनी आपल्याला झोडपलं आणि शेवटी गोल केला. लोकांनी असा आवाज केला की झाडावरची पाखरं उडाली. तू असतास तर माझ्याकडं फक्त एकदा बघितलं असतंस. ते तुझं बघणं मला त्या गर्दीत जाणवलं आणि मी चक्क मागं वळून म्हटलं, "हो बे, चुकलं." मागं त्यांचा एक म्हातारा खुर्ची टाकून बसला होता. त्याला वाटलं मी त्याच्याशीच बोललो. त्यानं मान डोलावली.

हाफटाइमला मी एवढंच म्हटलं, "आता बरोबरीही नाई राह्यली. आता खेळा." खेळले. या वेळी दम होता, पाळीवरच्या धावण्याचा, हे तू मान्य कर. साठाव्या मिनिटानंतर त्यांची पोरं वाकायला लागली, आपली नाही. फक्त पंकज मागं पडला, दर थ्रोला पाणी प्यायला बाहेर येत होता. मला वाटलं थकला. त्याला बाहेर काढलं आणि रूपेशला आत टाकलं. शेवटचा अर्धा तास, त्याच्या दमाचा.

पंधराएक मिनिटं उरली असताना कॉर्नर मिळाला. वर्षभर घोटवलेला कॉर्नर. चेंडू जवळच्या खांबावर, अंकुश डोक्यानं मागं ढकलणार, रूपेश अंकुशच्या मागं उभा राहणार. शेकडो वेळा घेतलेला. तर ज्यानं मारायचा त्याचा पाय घसरला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून पलीकडच्या खांबाकडं गेला आणि तिथं, जिथं कोणीच असायला नको होतं, तिथं रूपेश उभा होता. चेंडू त्याच्या गुडघ्याला लागला आणि आत गेला. त्यानं मारलासुद्धा नाही.

नंतर मी त्याला धरलं. "तू तिथी काऊन होतास? तुले इकडं उभं राह्याचं होतं ना?"

"सर म्हणे होते ना भाऊ," तो म्हणाला, "तू जिथी उभा राहशील तिथी बॉल येईन."

"अबे, ते खोटं होतं! सगळं खोटं होतं, तुले माहीत आहे ना आता!"

"माहीत आहे," रूपेश म्हणाला. "पण आला ना."

सांग, काय करू मी या माणसांचं? कॉर्नर माझा, पण चुकलेला. भरवसा तुझा, पण खोटा. गोल दोघांचाही नाही आणि दोघांचाही आहे. आपलं भांडण जिथं होतं तिथंच राहिलं, आणि भांडायला मी एकटा.

शेवटच्या मिनिटांत त्यांनी चेंडूवर चेंडू टाकले. एक उंच चेंडू थेट गोलसमोर आला, खाली त्यांचे तीन जण. माझं तोंड उघडलं, 'बाहेर ये' म्हणायला. घसा बसलेला होता, आवाजच निघाला नाही. इस्तारी आला. स्वतःच आला. तिघांच्या वरून त्यानं मूठ मारली आणि चेंडू मैदानाबाहेर गेला. मग शिट्टी झाली. एक-एक. आपण ए डिव्हिजनमध्ये गेलो, सुखदेव.

पोरं एकमेकांवर पडली. मी बाजूला जाऊन उभा राहिलो. त्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्यानं मला तांब्याभर पाणी दिलं. मी प्यालो आणि मग मला रडू आलं. त्याला वाटलं आनंदानं. तेही असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारून तुझ्या घरी गेलो. वहिनीला सामन्याचं सांगायला हवं होतं, दुसरं कोण सांगणार. ती अंगणात बसून तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "वहिनी, वर गेलो आपण." ती म्हणाली, "कळलं. बसा." मग म्हणाली, "सांगा."

"सांगतलं ना, एक-एक झाली."

"तसं नाई. पहिल्यापासून सांगा."

मी पहिल्यापासून सांगितलं. बावीस वर्षं तिचे रविवार आपण खाल्ले, मला वाटायचं तिला फुटबॉलचं नावही नको असेल. ती सूप बाजूला ठेवून ऐकत होती. मधे विचारत होती, "त्यांचा कीपर उंच का?" "कॉर्नर कोणत्या बाजूनं?" मी मनात एका गोष्टीची वाट पाहत होतो, खोटं कशाला बोलू. मला वाटत होतं, आता ही म्हणेल, 'ते घरी तुमच्याबद्दल असं असं म्हणत.' तिनं तसं काही म्हटलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "पंकजले काऊन काढलं?"

"थकला होता, वहिनी."

"थकला नव्हता. तुमीच सांगून राह्यले ना, का तो दर थ्रोले पाणी प्याले येत होता. थकलेला माणूस बाहेर येत नाई, जागेवर बसते. तो घाबरला होता." तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "घाबरलेल्याले बाहेर काढलं, आणि गोल दुसऱ्यानं केला. आता तो पोरगा घरात तोंड लपवून बसला असन. तुमी गेले का त्याच्या घरी?"

"नाई."

"मंग इथी काय करून राह्यले?"

मी उठलो. पायात चप्पल घातली. पंकजचं घर बाजाराच्या पलीकडं, भर उन्हात चालत जावं लागतं, आणि तिथं जाऊन काय बोलायचं हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत असतं. त्यावरून सबंध रस्ताभर मी तुझ्यावर चिडत गेलो.

पंकज ओसरीवर बसला होता. मला पाहून त्यानं मान खाली घातली. मी त्याच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, "काल तुले काढलं, ते चुकलं माह्यं."   त्यानं मान वर करून विचारलं, "भाऊ, ए डिव्हिजनचे सामने कधी सुरू होतीन?"